दोन पावलं अलीकडे

मला रडवण्यासाठी आमच्या मायनं एकदा टोपलंभर कांदे माझ्यापुढे ओतले आणि म्हणाली, बस, चिर. घरात ना लग्न होतं ना तेरवी. खाणारी माणसं तीन: माय, बाबा आणि मी. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती सासरी गेलेली. पण नागपूरहून शर्यत हरून येऊन मला पाच दिवस झाले होते, डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, आणि आत राहिलेलं रडू अंगात मुरतं, मग बाई कामातून जाते, असं मायचं ठाम मत होतं. मी कांदे चिरले. सगळे चिरले. माय बाजूला बसून पदरानं स्वतःचेच डोळे पुसत राहिली आणि माझे डोळे ठक्क कोरडे. शेवटी तिनं विळी माझ्या पायाखालून ओढून घेतली आणि म्हणाली, "दगड हाय हे पोट्टी, दगड." त्या कांद्यांचं पिठलं, त्या कांद्यांची भाजी, पुन्हा त्या कांद्यांचं पिठलं असं आम्ही आठवडाभर जेवलो. चौथ्या दिवशी ताटाकडे पाहून बाबानं विचारलं, वावरातली वांगी संपली का म्हणून. (बाबाला मी जन्मभर 'तू'च म्हटलं, आमच्या भागात तसंच म्हणतात. म्हणून इथेही 'बाबा म्हणाला' असंच लिहीन. ज्याला खटकेल त्यानं मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावं.)

पुढे मी शाळेत खेळाची बाई झाले आणि रिटायर होईपर्यंत दुसऱ्यांच्या पोरी पळवल्या. जिंकणाऱ्या पोरी सगळ्या सारख्याच दिसतात. हरणाऱ्यांकडे मात्र मी नीट पाहत आले. जी पन्नास पावलांनी हरते ती रेषेवरच बसकण मारते, धाय मोकलून रडते आणि अर्ध्या तासात समोसा खाताना सापडते. तिची काळजी नसते. पण जी सगळ्यांनी जिंकणार म्हणून धरून ठेवलेली असते आणि बोटभर अंतरानं हरते, ती रडत नाही. ती बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधते. भेटेल त्याला हसून हसून हात देते. 'काही नाही बाई, चालायचंच' असं उलट मलाच समजावते. त्या पोरीला मी गाडीत माझ्याजवळ बसवायची आणि तिच्याशी काहीही बोलायची नाही. हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवलं नाही, त्या टोपलंभर कांद्यांनी शिकवलं.

आमचं गाव मोहाडीपासून सायकलनं तासाभरावर. तलाव मोठा, गावापेक्षा मोठा म्हटलं तरी चालेल, आणि त्याच्या पोटाशी आमच्या धानाच्या बांध्या. घर म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि ओसरीच्या कोपऱ्यात बांबूचा, शेणानं लिंपलेला धानाचा ढोला. सकाळी जाग यायची ती मायच्या मुसळाच्या आवाजानं. त्या आवाजात मध्येच खंड पडला की समजायचं, आता माय कोंबडीला शिव्या देऊन राहिली. तिकडचा वारा असला तर वरठीच्या गाडीची शिट्टी ऐकू यायची. जेवणात भात, लाखोळीची डाळ, तलावातले झिंगे, आणि सणावाराला किंवा पाहुणा आला तर अकस्या. तांदळाचं पीठ पातळ पातळ कालवून, तव्यावर ओतून काढलेल्या जाळीदार पोळ्या त्या. मायच्या हातच्या अकसीतून पलीकडचं माणूस दिसायचं. आता माझी सून करते, चांगली करते, पण त्यातून पलीकडचं काही दिसत नाही. मी तिला हे सांगत नाही. घरात शांतता लागते.

मला पळायला लावलं ते मामाजींनी. मामाजी म्हणजे मायचा धाकटा भाऊ, जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाला, क्वार्टरमध्ये राहायचे, तरुणपणी स्वतः पळायचे. एकदा दिवाळीला आले असताना आमचा गोऱ्हा दावं तोडून तलावाच्या पाळीवरून उधळला आणि मी त्याच्यामागे धावत जाऊन त्याला शिंगाला धरून आणलं. मामाजी हातातला लाडू तसाच धरून पाहत उभे. त्यानंतर दर रविवारी त्यांची सायकल आमच्या दारात. गळ्यात लाल दोरीनं बांधलेलं स्टॉपवॉच. गावातली पोरं त्याला मामाजीचा ताईत म्हणायची. मामाजींनी मला आठशे मीटरसाठी धरलं. रोज सकाळी दूध आणि अंडं द्यायचं, असा हुकूम त्यांनी मायला सोडला. माय म्हणाली, कोंबडीले सांगून पाहातो. मला मिळायची ती पेज, मीठ घालून, आणि वर एक हिरवी मिरची. त्या पेजेवर मी दोन वर्षं जिल्ह्यात कोणाला पुढे जाऊ दिलं नाही. तालुका म्हणू नका, जिल्हा म्हणू नका, जिथे पळाले तिथे पहिली. माझ्या अंगात खाकी हाफपँट पाहून गावातल्या बाया तोंडाला पदर लावायच्या, पण बक्षिसाचा पेला आला की त्याच बाया तो हातात घेऊन उलटा करून पाहायच्या.

पळायची जागा म्हणजे तलावाची पाळ. एका टोकाला तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी बांध्यांत सोडायची जागा, आणि दुसऱ्या टोकाला मोहाच्या झाडाखाली मातामाय. शेंदूर फासलेले पाच दगड, वर फाटकं निशाण, बस. बाबानं बैलाच्या नाड्यानं पाळ मोजली, मामाजींनी नाडा मोजला, आणि तुडुमाच्या थोडं अलीकडून निघून मातामायपर्यंत बरोबर आठशे मीटर होतात असं ठरलं. बाबाला फार आनंद झाला. शेवट मातामायच्या पायाशी होऊन राहिला म्हणजे सगळं बेस, असं तो म्हणाला. आमच्याकडे मातामायपुढून कोणी पळत जात नाही. बैल हाकणारा तिथे कासरा आवरतो, सायकलवाला उतरून चालतो, नवरदेवाची दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, तीसुद्धा तिथे थांबते. जो तिच्यापुढून पळतो तो काहीतरी लपवून पळतो, असं जुने लोक म्हणत. मी चालायला लागले तेव्हाच बाबानं मला तिथे नेऊन, माझे दोन्ही हात आपल्या पंजात धरून, जोडून दाखवले होते. दोन पावलं आधी हळू व्हायचं, मान लववायची, हात जोडायचे. तर मी तुडुमाकडून वाऱ्यासारखी यायची, मातामायपुढे हात जोडायची, आणि मी हात जोडले की मामाजी घड्याळाचं बटण दाबायचे. रविवारी मामाजी, बाकी दिवस मी एकटी. दिवसाला चार चकरा. बाबा खालच्या बांधीत काम करत असायचा. वर पाहायचा, पुन्हा वाकायचा.

मग नागपूरची निवड चाचणी आली. तिथे जी पहिली येईल ती एकच मुलगी वर्षभराच्या शिबिराला जाणार होती: राहणं, जेवण, कॉलेज, पळणं, सगळं तिथेच. दुसरी येईल तिला टाळ्या. माझी शाळा संपलेली. घरी दोनदा पाहुणे येऊन गेलेले आणि बाबानं त्यांना सांगून ठेवलेलं, पोट्टीचा नंबर लागला तर ती शिकन, नाही लागला तर उन्हाळ्यात बोलू. तो हे धमकी म्हणून बोलला नव्हता, वखरण झाली की पेरणी, तसं बोलला होता. मीही काही घाबरले नव्हते. हरायची सवयच नव्हती, भ्यायचं कशाला.

त्या चाचणीत माझ्या ओळखीची एकच होती, वरठीची सरोज. तिचे वडील रेल्वेत गँगमन. दोन वर्षं प्रत्येक शर्यतीत मी पहिली आणि ती दुसरी, आणि मध्ये निदान दहा-पंधरा पावलं. तरी आमची दोस्ती होती. ती म्हणायची, तुया मानेवरचा तीळ मले माया तोंडापेक्षा जास्त ओळखीचा हाय. त्या दिवशीही तिनं मला तिच्या डब्यातली चटणी दिली आणि मी तिच्या वेणीची रिबीन घट्ट बांधून दिली. तिलासुद्धा जिंकायचं होतं असं माझ्या मनात आलं नव्हतं. पहिल्या माणसाचं असंच असतं, मागे कोण आहे याचा त्याला पत्ताच नसतो.

शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. शेवटच्या वळणावर मामाजी उभे होते, तिथून मी सगळ्यांच्या पुढे गेले ते त्यांनी पाहिलं. वळणाबाहेर पडले तेव्हा पुढे फक्त चुन्याच्या रेघा आणि टोकाला ताणून धरलेला पांढरा धागा. मागे सरोजचे पाय वाजत होते, पण तीन-चार पावलं मागे. धागा जवळ आला. मग एकदम धागा नव्हता. मी छातीकडे पाहिलं, तिथे नव्हता. मागे पडला असेल म्हणून मागे पाहिलं. धागा सरोजच्या गळ्यात होता, आणि ती माझ्याकडे चोरी पकडल्यासारखी पाहत होती. पंच लोक डोकी एकत्र करून बोलले, आणि वीतभराच्या फरकानं सरोज पहिली असं त्यांनी जाहीर केलं. मी हसले. अगदी मनापासून हसले. जाऊन सरोजला मिठी मारली, तिची सुटलेली रिबीन पुन्हा बांधली, पंचांना नमस्कार केला, आणि मामाजींकडे धावत जाऊन विचारलं, टाइम किती आला? मामाजींनी घड्याळ माझ्यापासून लपवल्यासारखं खिशात टाकलं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी नागपूर ते वरठी तोंड मिटलं नाही. समोरच्या बाईच्या लेकराचं नाव काय, कामठीला गाडी का थांबली, फॅक्टरीची बस किती वाजता सुटते. मायनं बांधून दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या मी संपवल्या, मामाजींच्या वाटणीच्याही संपवल्या आणि पुन्हा चणे घेतले. मामाजी खिडकीबाहेर पाहत होते. वरठी जवळ आल्यावर ते माझ्याकडे वळले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "पाय हरले असते तर मले वाईट नसतं वाटलं, शेवंता. तू ढिली पडली. जिंकलो समजून ढिली पडली. तुले घमेंड आली."

मला तेव्हा तोंडावर पाणी मारल्यासारखं झालं. धागा दिसला तिथपर्यंत मला सगळं आठवत होतं, कोण कुठे उभं होतं, चुना कुठे पुसला होता, सगळं. पण शेवटची दोन पावलं आठवत नव्हती. कोणी पाटीवरून ओला हात फिरवावा तशी ती दोन पावलं पुसली गेली होती. मग मामाजी म्हणतात तेच खरं असेल. घमेंडच असेल. मामाजी वरठीला उतरून, माझ्याकडे न पाहता, मला मोहाडीच्या गाडीत बसवून निघून गेले, आणि पुढच्या रविवारी त्यांची सायकल आली नाही.

घरी आल्यावर मी कामाला भिडले. धान कापून खळ्यात पुंजणे रचलेले होते, चुरणं, म्हणजे मळणी, सुरू होतं. मी दोन गड्यांचं काम एकटीनं करायला लागले. माय भ्यायला लागली. धान पाखडताना, पाणी भरताना, चुलीत फुंकताना मी मनात तो शेवटचा तुकडा पळायची आणि दर वेळी जिंकायची. मग हातात सूप तसंच राहायचं. गावानं आपापली कारणं काढली. कोणी म्हणे नागपूरचं पाणी बाधलं, कोणी म्हणे हाफपँटीचा कोप, सोनार गल्लीतली म्हातारी म्हणे नजर. मायनं मीठ-मोहरी-मिरच्यांनी माझी दृष्ट काढली, आणि मिरच्या जळाल्या तरी ठसका लागला नाही म्हणून दोन दिवस त्याच आनंदात होती. मी सगळ्यांना हसून सांगायची, चालायचंच. आणि खरं सांगायचं तर, सरोजचा पाय मुरगळावा असं मी त्या आठवड्यात रोज इच्छिलं. तिची रिबीन बांधताना माझे हात प्रेमाचे होते हे खरं, आणि हेही खरं. म्हातारपणी खोटं लिहून काय मिळवायचं. मातामायवर तर मी अशी रुसले होते की पाळीवर पाऊल ठेवलं नाही. वावरात जायला खालून चिखलातून जायची.

आठव्या दिवशी सरोज आली. वरठीहून वडिलांची उंच सायकल दामटत आली होती, घामानं निथळत. मायनं तिला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते, किती वाळली वो पोट्टी. लगेच तांदळाचं पीठ कालवलं, तवा ठेवला. मी म्हटलं, ही जिंकली आहे, मी हरले आहे, अकस्या हिला का? माय म्हणाली, ते एवढ्या दुरून सायकलनं आली, भूक तिले लागली. बाबा ओसरीत धानाच्या तणसाचा दोर वळत बसला होता. सरोजनं पिशवीतून एक कागदाची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. आत तो पांढरा धागा होता, गुंडाळून ठेवलेला. ती म्हणाली, घरी ठेवला तर मले जेवण जात नाही, तूच ठेव. मी पुडी तिच्याकडे परत सरकवली आणि म्हटलं, जिंकली तर जिंकली, वरून सोंगं कायले करते?

ती पुडीचा कोपरा नखानं दुमडत राहिली. मग म्हणाली, "शेवंता, एक विचारू? तू हात कायले जोडले होते?"

मी विचारलं, कोणते हात?

"दोरीच्या दोन पावलं अलीकडे तू हळू झाली. मान खाली घातली अन् हात जोडले. मले वाटलं, मलेच नमस्कार करून राहिली का काय. मी भेली. भेली तशीच पुढं निंघून गेली."

माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. मी तिला खोटारडी म्हटलं, आणखी काय काय म्हटलं ते लिहीत नाही. माय तव्यापाशी उलथणं हातात धरून थिजलेली. बाबाचे दोर वळणारे हात थांबले होते. तो सरोजला म्हणाला, "उभी राहून दाखव बरं, बाई. कशी केली?"

सरोज अंगणात उभी राहिली. चार पावलं धावली, दोन पावलं हळू झाली, मान लववली, आणि हात जोडले. बोटं जराशी वाकडी, अंगठे हनुवटीला लागलेले. ते माझे हात होते. ते मातामायपुढचे हात होते. तिनं मातामाय पाहिलीसुद्धा नव्हती. दोन वर्षं, दिवसाला चार वेळा, शर्यतीचा शेवट दिसला की जे हात जुळत होते ते नागपूरच्या धाग्यापुढेही जुळले होते. जिल्ह्याच्या शर्यतींत शेवटाला नुसती चुन्याची रेघ असायची, समोर असं काही उभं दिसलं ते नागपूरलाच पहिल्यांदा. घमेंड नव्हती. ढिली पडले नव्हते. मी शेवटाला आले होते, एवढंच माझ्या पायांना कळलं होतं.

आणि मग मी रडले. आठ दिवसांचं रडले, ओसरीच्या खांबाला धरून, नाक गळेपर्यंत. मायचा आनंद काय सांगू. रडली वो बाई, रडली, असं म्हणत ती स्वतःही रडायला लागली, तव्यावरची अकसी जळून कोळसा झाली, आणि सरोज बिचारी मध्ये बसून आपलं काय चुकलं म्हणून तीही रडली. तिघी रडून झाल्यावर आम्ही भरपूर जेवलो. पुडीतला धागा आम्ही दातानं तोडून अर्धा अर्धा केला. माझा अर्धा माझ्या शिवणाच्या डब्यात अजून आहे, पिवळा पडलाय. निघताना सरोज म्हणाली की शिबिराच्या लोकांना ती सगळं सांगेल. मी म्हटलं, धागा तुझ्या गळ्यात होता, तू जा. हे बोलताना मला फार जड गेलं, पण ते बोलले याचं आजही बरं वाटतं. ती गेली. मला त्या वर्षी काही ते शिबिर मिळालं नाही. पाहुणे मात्र उन्हाळ्यात आले आणि बाबानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. पुढच्या वर्षीच्या चाचणीत मी जिंकले, पण ते मी इतक्यांदा सांगितलंय की घरच्यांना पाठ आहे.

त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं ते बाबाला, हे मला तेव्हा दिसलं नाही. सरोजनं हात जोडून दाखवल्यावर तो उठून गेला होता, आणि जेवायलाही आला नव्हता. दुसऱ्या दिवशी दिवस निघता निघता त्यानं मला हलवून उठवलं. पाळीवर चल म्हणाला. मी रुसलेली, तरी गेले, कारण बाबा कधी काही मागत नसे. मातामायपुढे नारळ फोडलेला होता. आणि मातामायच्या पलीकडे, वीसेक पावलांवर, पाळीत एक नवा बांबू रोवलेला होता.

"शेवट आता तिथी," बाबा म्हणाला. "तू मायपुढून पळत जाशीन. मी सांगतलं तिले."

मी विचारलं, ती काय म्हणली?

"काही नाही म्हणली. नाही म्हणाची असती तर म्हणली असती."

मी तुडुमाकडून पळत आले. मोहाचं झाड जवळ आलं, निशाण दिसलं, आणि दोन पावलं अलीकडे माझे पाय हळू झाले, हात वर आले. पुन्हा गेले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी दात-ओठ खाऊन आले, हात मांडीला घट्ट लावून, आणि तरी ते सुटून एकमेकांकडे गेले. मी पाळीवर बसले आणि म्हटलं, बाबा, नाही होत. पाय मायेच नाही राहिले. बाबानं डोक्यावरचा दुपट्टा काढून कमरेला बांधला, धोतर वर खोचलं, आणि माझ्याजवळ आला.

"तुये हात म्याच जोडले होते ना लहानपणी," तो म्हणाला. "मंग सोडतोही मीच. ऊठ."

पाळीवरच्या बाभळीपासून आम्ही दोघं निघालो. बाबानं माझा उजवा हात आपल्या डाव्या हातात धरला होता. त्याच्या हातावर विळ्याचे घट्टे होते, ते टोचत होते. बाबाला पळताना मी जन्मात एकदाच पाहिलं, ते तेव्हा. अनवाणी, गुडघे वाकडे, धाप लागलेली, पण पळत होता. त्याच्या बापानं, आज्यानं, कोणीच जे केलं नव्हतं ते तो माझ्यासाठी करायला निघाला होता. मोहाचं झाड आलं. दोन पावलं अलीकडे माझा डावा हात आपोआप उचलला गेला आणि दुसऱ्या हाताला शोधायला लागला. दुसरा हात बाबाकडे होता. मी ओढला. त्यानं सोडला नाही. एका हातानं नमस्कार होत नाही. शेंदूर डोळ्याच्या कोपऱ्यातून मागे गेला, निशाण मागे गेलं, आणि आम्ही बांबूला जाऊन आदळलो.

बाबा बांबूला धरून खोकत राहिला. मग श्वास आल्यावर त्यानं धोतर सोडून नीट केलं, दुपट्टा पुन्हा डोक्याला बांधला, आणि चालत मागे मातामायपाशी गेला. मीही त्याच्यामागे निघाले, तर त्यानं मागे न वळता हात करून मला थांबवलं.

"तू तिथीच राह्य," तो म्हणाला. "तू आता पळतच जात जा. तुया वाटचा नमस्कार मी करत जाईन."

तो वाकला, उठला, आणि पुन्हा एकदा वाकला. मामाजींना हे सगळं कळलं तेव्हा ते घड्याळ गळ्यात घालून परत आले आणि बाबाच्या बांबूपाशी उभे राहायला लागले. मी कॉलेजला गेले, नोकरीला लागले, सासरी गेले, पळणं कधीच थांबलं. बाबा पाळीवरून वावरात जाताना दोनदा वाकायचं काही सोडेना. गावातले लोक त्याला विचारायचे, बाबा गा, दोनदा काहून? तो सांगायचा, एक माया, एक पोट्टीचा, ते पळून राहिली.